बारावीनंतर थेट मेडिकल, तेही अमेरिकेत: बीएस-एमडीच्या वाटेला लागणाऱ्या घरांसाठी

महाराष्ट्रात वाढलेल्या आई-वडिलांच्या डोक्यात डॉक्टर होण्याचा रस्ता सरळ असतो. बारावी, नीट, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. अमेरिकेत आल्यावर कळतं की इथे आधी चार वर्षं कॉलेज, मग एमसीएटी नावाची परीक्षा, मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि त्यानंतर चार वर्षं मेडिकल स्कूल. मेडिकल स्कूलला दरवर्षी पन्नास हजारांच्या वर मुलं अर्ज करतात आणि जागा असतात तेवीस हजारांच्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून अधिक मुलांना त्या वर्षी कुठेच प्रवेश मिळत नाही. अशा वेळी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी ‘बीएस-एमडी’ हा शब्द उच्चारतो, आणि आई-वडिलांना वाटतं, हेच तर आपलं एमबीबीएस!

तसं ते नाही. बीएस-एमडी (बीएस ही कॉलेजची पदवी, एमडी ही इथली डॉक्टरकीची; काही ठिकाणी बीए-एमडी) म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी एकाच वेळी कॉलेजात आणि मेडिकल स्कूलमध्ये सशर्त प्रवेश. माझा सगळा भर ‘सशर्त’ या शब्दावर आहे. बहुतेक घरं विद्यापीठाचं नाव आधी बघतात आणि अटी प्रवेश मिळाल्यावर वाचतात. हा क्रम उलटा करा, म्हणजे पुढच्या निम्म्या चुका टळतील.

आधी प्रकार समजून घ्या

हे कार्यक्रम सहा, सात किंवा आठ वर्षांचे असतात, पण फरक नुसत्या वर्षांचा नाही.

आठ वर्षांत सर्वांत प्रसिद्ध आहे ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे इथल्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांत, या जातीचा हा एकच. इथे एमसीएटी द्यावी लागत नाही, आणि चार वर्षं इतिहास, संगीत, गणित, काहीही मुख्य विषय म्हणून शिकता येतं. वेळ वाचवणं हा त्याचा हेतूच नाही. उलट, मार्कांच्या धास्तीशिवाय मोकळेपणाने शिकलेला माणूस पुढे डॉक्टर व्हावा, ही त्यामागची कल्पना. म्हणून ‘मला लवकर डॉक्टर व्हायचंय’ असा अर्ज ब्राउनला पाठवणं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर टपाल टाकणं. अर्ज हजारोंनी येतात, जागा शंभराच्या आत.

दुसऱ्या टोकाला मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा सहा वर्षांचा कार्यक्रम, १९७१पासून चालू असलेला. आपल्या एमबीबीएसच्या सर्वांत जवळ जाणारा हाच. पहिल्या वर्षापासून मुलं दवाखान्याच्या वातावरणात, डोसेंट म्हणजे मार्गदर्शक डॉक्टरांच्या छोट्या गटात शिकतात. उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळपास नाहीत. सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याचं मन पक्कं आहे त्याला हे मानवतं. बाकीच्यांची दमछाक होते.

मधले सात वर्षांचे. आपल्या लोकांच्या घरांत सर्वाधिक चर्चा न्यू जर्सीतल्या जोड्यांची: द कॉलेज ऑफ न्यू जर्सी किंवा एनजेआयटीत (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तीन वर्षं, मग नेवार्कच्या न्यू जर्सी मेडिकल स्कूलमध्ये चार. कॉलेज आधी छाननी करतं, निवडक मुलांची नावं मेडिकल स्कूलकडे पाठवतं, मग मेडिकल स्कूल मुलाखत घेतं. म्हणजे दोन दारं, आणि दोन्ही उघडावी लागतात. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या सिटी कॉलेजच्या आवारात कुनी (न्यूयॉर्क शहराचं सरकारी विद्यापीठ) स्कूल ऑफ मेडिसिनचा सात वर्षांचा कार्यक्रम आहे. तो मुख्यतः न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांसाठी आहे आणि डॉक्टर कमी असलेल्या वस्त्यांत काम करणारे डॉक्टर घडवणं हा त्याचा उघड उद्देश आहे. न्यूयॉर्क राज्यातच युनियन कॉलेज आणि ऑल्बनी मेडिकल कॉलेज यांची आठ वर्षांची जोडी आहे. तिच्यात आरोग्य-व्यवस्थापनाची तिसरी पदवीही मिळते. याखेरीज क्लीव्हलँडचं केस वेस्टर्न, रिचमंडचं व्हीसीयू, पिट्सबर्ग, हॉफ्स्ट्रा, स्टोनी ब्रुक ही नावं तुमच्या कानावर येतीलच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. नॉर्थवेस्टर्नचा एकेकाळचा नावाजलेला एचपीएमई बंद झाला आहे, तरी अजून कुठल्या ना कुठल्या यादीत असतो. दरवर्षी उन्हाळ्यात प्रत्येक कार्यक्रमाच्या अधिकृत पानावर जाऊन तो चालू आहे ना, हे स्वतः बघा.

बीएस-डीओ हा शब्द ऐकून नाक मुरडू नका. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी. अमेरिकेत डीओ डॉक्टरला एमडीइतकेच अधिकार असतात आणि २०२०पासून दोघांची रेसिडेन्सीची (मेडिकल स्कूलनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) निवड एकाच यंत्रणेतून होते. ‘डीओ म्हणजे होमिओपॅथीवाले का?’ हा प्रश्न मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकला आहे. अजिबात नाही.

अटींचा तक्ता

अकरावी संपता संपता एक मोठी स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक कार्यक्रमाला एक ओळ, आणि रकाने असे असू द्या की ते भरताना अधिकृत पान शब्दन्‌शब्द वाचावंच लागेल.

पहिला रकाना नागरिकत्वाचा. आपल्याकडे तो सर्वांत शेवटी बघितला जातो आणि सर्वांत जास्त रडवतो. बरेच कार्यक्रम फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. आई-वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मुलगी एच-फोर या आश्रितांच्या व्हिसावर असेल, तर यादी इथेच आखडते. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतं. अठराव्या वर्षी सुरू झालेला आठ वर्षांचा कार्यक्रम त्या वाढदिवसाच्या बराच पुढे जातो, म्हणजे मध्येच एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर यावं लागणार. तेव्हा मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी ठेवून घेतं का, हे आधीच लेखी विचारा. फोनवर मिळालेलं ‘बहुतेक चालेल’ पुरेसं नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या घरांनी इमिग्रेशन वकिलाशी हे बोलणं मुलगी दहावीत असतानाच करावं.

दुसरा रकाना राज्याचा. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, फीही त्यांना कमी असते.

तिसरा, जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी. किती हवा, एवढंच लिहून थांबू नका. एकूण की विज्ञान विषयांचा वेगळा? दर वर्षाच्या शेवटी तपासतात की एकदाच? एका विषयात ‘सी’ आला तर जागा जाते की सुधारायला एक सत्र मिळतं? कितीतरी ठिकाणी साडेतीनच्या वरचा जीपीए टिकवावा लागतो. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात साडेतीन म्हणजे काय, हे त्या वर्गातून गेलेल्या मुलालाच विचारा.

चौथा, एमसीएटी. काही ठिकाणी द्यायचीच नाही. काही ठिकाणी द्यायची, पण गुणांची अट नाही. काही ठिकाणी अमुक गुण, अमुक तारखेपर्यंत. परीक्षा ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मोजतात आणि मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२च्या घरात असते. एखादा कार्यक्रम तेवढेच गुण आणि वर उंच जीपीएही मागत असेल, तर त्याने तुम्हाला नेमकं काय दिलं? ते गुण मिळवणारं मूल नेहमीच्या वाटेनेही मेडिकलला जाण्याची चांगली शक्यता असते. असा कार्यक्रम वाईट असतो असं नाही, पण त्याच्यासाठी नावडत्या कॉलेजात जाणं मला पटत नाही.

पाचवा रकाना: इतरत्र अर्ज करता येतो का? काही ठिकाणी तुम्ही दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केलात की राखीव जागा सुटली. काही ठिकाणी ती राहते. २०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने सगळ्यांची ट्यूशन माफ केली, २०२४ साली ब्राँक्समधल्या आइन्स्टाइनने केली. बांधलेल्या मुलाला असं दार खुणावलं, तर हातातली जागा सोडूनच तिकडे बघावं लागतं.

सहावा, सोडायचं झालं तर काय? विसाव्या वर्षी मुलाला अर्थशास्त्र आवडायला लागलं, तर त्या कॉलेजची साधी पदवी घेऊन बाहेर पडता येतं का? सात वर्षांच्या कार्यक्रमांत पदवी कधी मिळते हे नीट बघा. अनेक ठिकाणी ती मेडिकलचं पहिलं वर्ष संपल्यावर हातात येते.

सातवा पैशाचा. मेडिकल शिक्षणाचं कर्ज इथे सर्रास दोन लाख डॉलरच्या घरात जातं. २०२५ साली झालेल्या कायद्याने नियमही बदलले. १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळणार नाही, आणि वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाख डॉलर आहे. खासगी मेडिकल स्कूलचा राहण्या-खाण्यासकट खर्च याहून कितीतरी वर जातो. वरची तूट घरातून, शिष्यवृत्तीतून की खासगी कर्जातून भरायची, हा हिशेब मुलासमोर बसून करा. कॉलेजची चार वर्षं महाग घेतली, तर मेडिकलसाठी काय उरणार? राज्य विद्यापीठाचा कार्यक्रम या एका कारणाने बऱ्याच घरांसाठी नामवंत खासगी कार्यक्रमापेक्षा उजवा ठरतो.

आठवी ते अकरावी: पुरावा साठत जातो

नीटमध्ये एक आकडा येतो आणि त्या आकड्यावर सगळं ठरतं. इथे शाळेचे गुण आणि एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा हा फक्त उंबरठा. उत्तम जीपीए, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचं जीवशास्त्र, रसायन, कॅल्क्युलस, पंधराशेच्या पुढे एसएटी असं अर्जाच्या ढिगातल्या बहुतेकांकडे असतं. (ब्राउनने तर कोविडनंतर ऐच्छिक केलेली एसएटी-एसीटी पुन्हा सक्तीची केली आहे.) निवड समिती त्यापुढे एकच गोष्ट शोधते: या सतरा वर्षांच्या मुलाला डॉक्टरचं काम खरंच माहीत आहे का, आणि माहीत असूनही हवं आहे का?

आठवी-नववीत एवढंच बघा की गणिताची वाट बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचते. बाकी वेळ मुलाला मोकळं सोडा. नववीतच ‘प्रोफाइल’ बांधायला घेणारी घरं मला दमवतात.

दहावीपासून माणसांजवळ जायला लागायचं. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून घेण्याचं किमान वय जागोजागी वेगळं, चौदा ते सोळाच्या दरम्यान. क्षयरोगाची चाचणी, फ्लूची लस, प्रशिक्षण यांत महिने जातात, म्हणून उन्हाळ्यासाठी अर्ज थंडीतच करा. मोठ्या रुग्णालयात पोरं बहुतेक वेळा व्हीलचेअर ढकलतात आणि फुलं पोचवतात. त्यातही शिकण्यासारखं असतं, पण नर्सिंग होम किंवा हॉस्पिसमध्ये (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) रुग्णाशेजारी तासभर बसणं याने मुलगा जास्त बदलतो. न्यू जर्सीसारख्या राज्यांत गावागावांत स्वयंसेवी रेस्क्यू स्क्वॉड, म्हणजे रुग्णवाहिकेची पथकं, आहेत. त्यांतली कितीतरी सोळाव्या वर्षापासून कॅडेट घेतात. आठवड्यातून एक रात्र, दोन वर्षं, एवढं केलेल्या मुलाला मुलाखतीत काही पाठ करावं लागत नाही.

डॉक्टरांच्या मागे मागे राहून काम पाहणं, म्हणजे शॅडोइंग. इथे आपल्या ओळखी कामी येतात. मंडळातल्या डॉक्टर काकांना किंवा मावशीला मुलानेच ईमेल लिहावी. आईने लिहिलेली ईमेल लगेच ओळखू येते. एकाच हृदयरोगतज्ज्ञाच्या मागे फिरण्यापेक्षा फॅमिली डॉक्टर, आपत्कालीन विभाग आणि एखादा शल्यविशारद असे वेगवेगळे दिवस बघा. रोज रात्री वहीत दोन परिच्छेद लिहायचे: काय पाहिलं, काय खटकलं, डॉक्टर कुठे अडले. रुग्णाचं नाव-गाव त्यात येता कामा नये. गोपनीयतेचा हिपा कायदा शिकाऊ पाहुण्यालाही पाळावा लागतो. हीच वही पुढे निबंधाला आणि मुलाखतीला पुरते.

संशोधनाचं आपल्याकडे फार कौतुक. प्रयोगशाळेत खरी गोडी असेल तर जरूर करा, पण भरमसाठ फी घेऊन ‘पेपर’ छापून देणाऱ्या आणि एखाद्या नामवंत विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे राहायला देणाऱ्या उन्हाळी कार्यक्रमांनी कोणी भुलत नाही. वर्षभर एकाच प्राध्यापकाकडे टेस्ट ट्यूब धुतलेली मुलगी त्याहून पुढे असते.

आणि मुलाचं जे काही वैद्यकाबाहेरचं आहे ते कापू नका. ढोल-ताशा पथकाचं वेळापत्रक सांभाळणं, मराठी शाळेत लहानांना शिकवणं, उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात पगारी काम करणं, हे सगळं मोजलं जातं. समजा, एखादी मुलगी ज्येष्ठांच्या केंद्रात मराठी आजी-आजोबांना औषधांच्या पट्ट्या वाचून दाखवते, विम्याची पत्रं समजावते. तिला आरोग्यव्यवस्थेबद्दल जे कळलेलं असतं ते पुष्कळ प्रौढांना कळत नाही. मात्र तिलाच ते कळलं असलं पाहिजे. फॉर्मवर लिहायचं म्हणून चार शनिवार गेलेल्या मुलीचं दुसऱ्या प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

अकरावीच्या शेवटी, मे-जूनमध्ये, दोन शिक्षकांना शिफारसपत्रासाठी विचारून ठेवायचं. एक विज्ञान-गणिताचा, दुसरा शक्यतो इंग्रजी किंवा इतिहासाचा. ज्या वर्गात ‘ए’ सहज मिळाला त्यापेक्षा ज्या वर्गात मूल धडपडलं आणि शिक्षकांनी ती धडपड पाहिली, तिथलं पत्र जिवंत असतं. शाळेच्या कौन्सेलरलाही भेटून ठेवा. त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात. तुमचं मूल त्यांना नावाने माहीत असायला हवं.

बारावी: ऑगस्ट ते मे

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांचा एकच सामाईक अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. मुख्य निबंध ६५० शब्दांचा, उपक्रम जास्तीत जास्त दहा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. पण खरं ओझं त्यापुढचं: प्रत्येक बीएस-एमडीचे वेगळे निबंध, कधी वेगळा फॉर्म, कधी कॉलेजचा एक आणि मेडिकल स्कूलचा दुसरा. ‘डॉक्टरच का’ आणि ‘आमच्याकडेच का’ हे दोन प्रश्न या ना त्या रूपात सगळीकडे असतात. बऱ्याच कार्यक्रमांची मुदत १ नोव्हेंबर किंवा त्याआधी असते. म्हणजे नेहमीच्या कॉलेजच्या अर्जांपेक्षा दोन महिने आधी. सप्टेंबरमध्ये गणपती आणि शाळा एकत्र येतात, तेव्हा ‘डॉक्टरच का’चा पहिला मसुदा जुलैतच झालेला बरा.

त्या निबंधात आजोबांचा हृदयविकार हा विषय फार वेळा येतो. दुःख खरं असतं, पण वाचणाऱ्याला त्यातून आजोबाच दिसतात, अर्जदार दिसत नाही. ‘लोकांची सेवा करायची आहे’ हेही पुरत नाही. शिक्षक, परिचारिका, अग्निशामक दलाचे जवानही सेवाच करतात. मग डॉक्टरच का? याचं उत्तर वहीतल्या एखाद्या छोट्या प्रसंगात सापडतं. एखाद्या बाईंनी तीनदा औषध बंद का केलं हे डॉक्टरांनी कसं काढून घेतलं, असलं काहीतरी. ‘आमच्याकडेच का’ला उत्तर देताना संकेतस्थळावरची वाक्यं परत पाठवू नका. कुनीला लिहिताना तुम्ही कुठल्या वस्तीत काम केलंत ते सांगा. ब्राउनला लिहिताना वैद्यकाबाहेर काय शिकायला जीव तळमळतोय ते.

निबंध आई-वडिलांनी वाचावा, दुरुस्त करू नये. चाळिशीतल्या माणसाची वाक्यं सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी शोभत नाहीत.

यादीत सहा-आठ बीएस-एमडी पुरेत, आणि तितकीच साधी कॉलेजं हवीतच, त्यांत आपलं राज्य विद्यापीठ नक्की. फक्त बीएस-एमडीलाच अर्ज करणं हा जुगार आहे, आणि तो खेळणारी घरं दरवर्षी दिसतात.

मुलाखतीची बोलावणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात. काही ठिकाणी समोरासमोर अर्धा तास गप्पा, काही ठिकाणी एमएमआय, म्हणजे एकापाठोपाठ एक छोटी दालनं. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जन्मली. दाराबाहेर प्रसंग वाचायला दोनेक मिनिटं आणि आत बोलायला सहा-आठ. प्रसंग वैद्यकीयच असतो असं नाही: मित्राने परीक्षेत कॉपी केली, तुम्ही पाहिलंत, काय कराल? अचूक उत्तर नसतंच. दोन्ही बाजू मांडून शेवटी स्वतःचा निर्णय सांगता येतो का, हे ते बघतात. आपल्या मुलांची अडचण ज्ञानाची नसते. ‘मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही’ हे अंगात भिनलेलं असतं, आणि परीक्षकाने प्रतिवाद केला की ती लगेच माघार घेतात. घरी जेवणाच्या टेबलावर मुलाला तुमच्याशी वाद घालू द्या. याहून स्वस्त सराव नाही. तासाला शेकडो डॉलर घेणारे सल्लागार वेगळं काही करत नाहीत.

मुलाखतीत हमखास येणारा आणखी एक प्रश्न: ‘इतक्या लहान वयात इतकं नक्की कसं?’ आई-वडील डॉक्टर असतील तर तो टोकदार होतो. ‘मला शंका आल्या होत्या, आणि त्या अशा सुटल्या’ हे उत्तर ‘मी पाच वर्षांचा असल्यापासून’पेक्षा कधीही भारी.

निकाल मार्च-एप्रिलमध्ये लागतात आणि १ मेपर्यंत कळवायचं असतं. दोन-तीन ठिकाणी होकार आला, तर पुन्हा तोच तक्ता काढा आणि जमल्यास मुलाला एक रात्र त्या कॉलेजच्या वसतिगृहात काढू द्या. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या बीएस-एमडीवाल्यांना एकच विचारायला सांगा: तुमच्याबरोबर सुरू झालेल्यांपैकी किती जण अजून आहेत, आणि गेलेले का गेले? कार्यालयातून हे उत्तर सहसा मिळत नाही, मुलं सांगतात. पुढे रेसिडेन्सीच्या वेळी कोणी बीएस-एमडीतून आलं की नेहमीच्या वाटेने, याचा फरक पडत नाही. तिथे मेडिकल स्कूलमधली कामगिरी बघतात. यूएसएमएलईची (अमेरिकेत डॉक्टरी परवान्याची परीक्षा) पहिली पायरी २०२२पासून फक्त पास-नापास आहे, म्हणून बाकीच्या कामगिरीचं वजन उलट वाढलं आहे.

सगळीकडून नकार आला, तर साध्या कॉलेजात जाऊन पहिल्या दिवसापासून चांगला जीपीए राखायचा. काही मेडिकल स्कूल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना लवकर हमी देतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचा फ्लेक्समेड कार्यक्रम एमसीएटीशिवाय घेतो; बफेलोत असा मार्ग आहे; जॉर्जटाउन स्वतःच्या कॉलेजातल्या मुलांसाठी ठेवतं. त्यासाठी पहिल्या तीन-चार सत्रांचे गुण आणि दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात, म्हणून पहिल्या वर्षीच प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जायला लागायचं, आणि कॉलेजच्या प्रीमेड सल्लागाराची वेळ पहिल्याच सप्टेंबरमध्ये घ्यायची.